तणसात भाजलेली मरळ: कुठवर आलंय

दक्षिण व्हिएतनामची ‘का लोक न्युओंग त्रुई’, म्हणजे तणसात भाजलेली मरळ, इकडे भंडाऱ्याला जमू लागली आहे, निदान भाजण्यापुरती. मासा तोच, चन्ना स्ट्रायटा, म्हणजे आपली मरळ. धानाचं तणसही तेच. मेकाँगच्या मुखाकडच्या सपाट भागात तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुमारास शेतातल्या डबक्यांचं पाणी उपसून मासे धरतात. इकडे बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, आटायला लागली की ढीवरांकडे (मासेमारांकडे) मरळ येते, तेव्हाच मी घेते. मरळ हवेतलाही श्वास घेते, ओल्या पोत्यात बराच वेळ जिवंत राहते. ताजेपणाची काळजी नको.

भाजायला मासा नुसता धुवायचा. खवले ठेवायचे, पोट फाडायचं नाही, मीठ-हळदही लावायची नाही (सासूबाईंचा याला अजून विरोध आहे). तोंडातून शेपटीकडे बांबूची ओली कामटी घालून ती जमिनीत रोवायची, डोकं खाली. वर कोरडं तणस रचून पेटवायचं. किलोच्या आतबाहेरचा मासा 10 ते 15 मिनिटांत होतो.

सगळं कसब तणसाच्या मापात. एकदाच मोठा ढीग केला तर जाळ भडकून विझतो, काट्याजवळ मांस कच्चं राहतं. आता मी आधी सैल थर पेटवते, तो बसत आला की मूठमूठ वर टाकत राहते, शेवटी मासा गरम राखेतच राहू देते. डोकं सर्वांत जाड, ते निखाऱ्याशी असतं म्हणून नीट शिजतं. वाऱ्याच्या दिवशी बांधाच्या आडोशाला बसायचं. बाहेरून कोळसा झालेला पाहून घाबरू नका, ती खवल्यांची ढाल आहे. सुरीच्या पाठीने खरवडली की आत पांढरं, रसदार मांस, आणि पाठीवरून उघडल्यावर पोटातलं सगळं एकगठ्ठा निघतं.

केळीच्या पानावर मासा उघडून वर ‘म हान्ह’ ओतायचं, म्हणजे कडकडीत तेलात परतलेली कांद्याची पात, आणि भरड शेंगदाणे. इथून पुढे वाढणं नाही, ज्याने त्याने गुंडाळायचं. ओला हात फिरवून मऊ केलेला तांदळाचा कागद (खायचा पातळ पापुद्रा), त्यावर सॅलडचं पान, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, कच्च्या केळ्याची सालासकट चकती, स्टारफ्रूट, काकडी, थोड्या शेवया, मग मासा. केळ्याचा तुरटपणा वगळू नये, माशाची गोडी त्याच्यामुळेच कळते. शेवया मात्र कमीच, नाहीतर पोट त्यांनीच भरतं.

बुडवायला तिकडे बहुधा ‘माम नेम’ असतं: आंबवलेल्या बारीक माशांचं दाट, उग्र सार, त्यात अननस, लसूण, मिरची. ते मला इथे मिळालेलं नाही. चिंचेचा कोळ, फिश सॉस, साखर, लसूण, मिरची हा प्रकारही तिकडचाच आहे, सध्या तोच चालू आहे. घरी तो जास्त आवडतो, मलाही.

पुढचा बेत कमळाच्या पानाचा. दोंग थाप प्रांतात ही मरळ कमळाच्या कोवळ्या पानात गुंडाळून खातात. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत कमळं आहेतच. पण बोडी आटते त्या दिवसांत कोवळी, अर्धी मिटलेली पानं मिळतात का, ते तलावावर जाऊन पाहायचंय. कुणाला माहीत असेल तर आधीच सांगा.