काकू, गोळ्या घरी कशाला ओतता? (तुम्ही विचारलंत म्हणून)

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, काकू तुम्ही म्हणे घरी गोळ्या बनवता, आणि मागून कोणीतरी, "कसल्या हो, आवळ्याच्या का?" शिशाच्या हो. मग पुढचा प्रश्न ठरलेला, विकत नाही मिळत का? मिळतात की, टेक्ससमध्ये राहते मी.

खेळ आहे काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग. दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर (म्हणजे प्रत्येक गोळी झाडण्याआधी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा), एक लिव्हरवाली रायफल, एक शॉटगन, जुन्या काळचे कपडे आणि प्रत्येकाचं टोपणनाव, माझं खान्देश केट. जवळच्या लोखंडी प्लेटा घड्याळ लावून वाजवायच्या. तांब्याचं आवरण असलेली गोळी चालत नाही, शिसंच लागतं, कारण ते प्लेटवर चपटं होतं, आवरणवाली परत अंगावर येऊ शकते.

आता मी ओतते त्या गोळ्या नेहमीपेक्षा हलक्या का, तर माझा अंगठा. सांधा दुखतो. .३८ स्पेशल या माझ्या काडतुसाची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, दहा ग्रॅमच्या जरा वर, मी ओतते ती १०५ ची, सात ग्रॅमलाही थोडी कमी. धक्का एवढा कमी होतो की नळी वर उडतच नाही, पुढच्या प्लेटवर आपोआप येते. जुनी मंडळी नाकं मुरडतात, ही काय खेळण्यातली बंदूक म्हणून, पण नियमातच खालची मर्यादा आहे, गोळीचे ग्रेन गुणिले तिचा वेग (सेकंदाला किती फूट) भागिले हजार, उत्तर ६० च्या खाली नको. १०५ ची गोळी ६०० च्या वेगाने गेली तर ६३ येतात, झालं की. पावडरीचं (काडतुसात भरायच्या दारूचं) माप विचारू नका, ते लोडिंग मॅन्युअलमध्येच बघायचं, कमी घालून शहाणपणा केला तर गोळी नळीतच अडकते आणि पुढची तिच्यावर जाऊन आदळते.

ओतायला मात्र हलकी गोळी जास्त नखरेल. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, पण छोट्या गोळीत उष्णताच कमी म्हणून साचा गरम राहत नाही आणि गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, माझ्या पहिल्या दिवशीच्या अख्ख्या मनुका होत्या. उपाय म्हणजे साच्याचा कोपरा आधी वितळलेल्या शिशात बुडवून ठेवायचा आणि मग न थांबता भराभर ओतायचं. थोडं कथील घातलं की साच्याच्या कडा नीट भरतात. ते वितळताना चकाकतं ना, तेव्हा मला दरवेळी आजीच्या अंगणातला कल्हईवाला आठवतो, फक्त नवसागराचा वास नसतो, इथे लाकडाचा भुसा टाकून मळी काढतात त्याचा धूर असतो. आणि पाणी! एक थेंब भांड्यात पडला तर वाफ होऊन सगळं शिसं उसळून अंगावर. उन्हाळ्यात घाम गाळत कधी ओतत नाही मी.

रायफलचं रडगाणं वेगळंच. माझी १८७३ च्या विंचेस्टरची नक्कल आहे, तिला काडतुसाची लांबी अचूक लागते, हलकी गोळी आखूड असते, काडतूस आखूड झालं की रांगेतलं पुढचं काडतूस अर्धवट आत घुसतं आणि लिव्हर जाम. ऐन मॅचमध्ये झालं होतं, सगळे हसले. तेव्हापासून रायफलला १२५ चीच.

पैसे वाचतात का? मॅचला साधारण १२० गोळ्या जातात, १५८ च्या असत्या तर सव्वा किलो शिसं, १०५ च्या आणि रायफलच्या १२५ च्या मिळून ९०० ग्रॅमच्या आसपास. वाचतात थोडे, पण भट्टी, साचे, मास्क आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासायचा खर्च धरला की आमचे हे नुसते हसतात. आणि हो, भारतातून विचारणाऱ्यांनो, तिकडे हे लायसन्सशिवाय गुन्हा आहे, इथलं बघून करायला जाऊ नका.

गॅरेजमध्ये ओतायचे कपडे वेगळे, ते घरात येत नाहीत, आणि लहान मूल घरात असेल त्या आठवड्यात भट्टी बंद. पुढच्या शनिवारी मॅच आहे, दोनशे तरी ओतायला हव्यात, पण गुरुवारी नात येतेय. म्हणजे यावेळी विकतच्याच.