अ‍ॅना कुठे गेली?

आमच्या फिल्म सोसायटीत मी 'लाव्हेन्तुरा' हा इटालियन सिनेमा आजवर तीनदा दाखवला. तिन्ही वेळा दिवे लागल्याबरोबर पहिला प्रश्न तोच: "पण त्या अ‍ॅनाचं शेवटी झालं काय?" मागच्या रविवारी तुम्ही दाराशी चपला घालता घालता पुन्हा विचारलंत. तेव्हा घाईत काहीतरी पुटपुटले, म्हणून आता सावकाश लिहिते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: रोममधली काही श्रीमंत मंडळी बोटीने सिसिलीच्या उत्तरेकडच्या एओलियन बेटांवर सहलीला जातात. लिस्का बियांका नावाच्या उजाड, खडकाळ बेटावर अ‍ॅनाचं तिच्या प्रियकराशी, सांद्रोशी, वाजतं आणि त्यानंतर ती दिसतच नाही. तिची मैत्रीण क्लॉडिया आणि सांद्रो तिला शोधू लागतात. शोधता शोधता एकमेकांत गुंततात. अ‍ॅना सापडत नाही. सिनेमा संपतो.

1960 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात लोकांनी या सिनेमाची हुर्यो उडवली होती. दुसऱ्या दिवशी रोसेलिनीसह अनेक दिग्दर्शक-समीक्षकांनी पत्रकावर सह्या करून त्याच्या दिग्दर्शकाची, मिकेलांजेलो अंतोनियोनीची, बाजू घेतली आणि सिनेमाला ज्युरींचं पारितोषिकही मिळालं. ओरडणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. माणूस हरवलं की ते सापडलं पाहिजे, निदान प्रेत तरी, हा गोष्टीचा जुना करार आहे. तो इथे मोडला गेला, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पण तुम्ही पुन्हा बघाल तेव्हा त्या ब्लाउजकडे लक्ष द्या. बोटीवर अ‍ॅना आपला एक ब्लाउज क्लॉडियाला देऊ करते. ती नको म्हणते, तर अ‍ॅना तो गुपचूप तिच्या पिशवीत टाकते. अ‍ॅना नाहीशी झाल्यावर बेटावर क्लॉडिया तोच ब्लाउज अंगात घालते. अ‍ॅनाचे वडील येतात. मुलीच्या सामानात बायबल सापडतं, तेव्हा बायबल वाचणारी मुलगी जीव देणार नाही, अशी ते स्वतःची समजूत घालतात. मग हळूहळू शोध हे नुसतं निमित्त उरतं. शेवटाकडे हॉटेलात क्लॉडिया एका मैत्रिणीपाशी बोलून टाकते, त्याचा आशय असा: थोड्या दिवसांपूर्वी अ‍ॅना मेली असेल या विचारानेच आपण मरू असं वाटायचं, आता रडूसुद्धा येत नाही. आता भीती वाटते, ती जिवंत असेल याची.

तुमच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. अ‍ॅना बेटावरून कधी गेली ते अंतोनियोनी दाखवत नाही. ती या दोघांच्या मनातून कधी गेली, ते मात्र दिवसागणिक दाखवतो.

हे मला सिनेमाच्या आधी घरात कळलं होतं. माझा धाकटा मामा एका सकाळी "जाऊन येतो" म्हणून बाहेर पडला तो आलाच नाही. आजीने वर्षभर त्याचं ताट वाढलं. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, नवस झाले. मग कधीतरी रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी केलं. पुढे घराच्या वाटण्या झाल्या त्या रात्री थोरला मामा आईला हळू आवाजात म्हणाला, "आता आला तर?" थोरला मामा वाईट माणूस नव्हता. भावासाठी सगळ्यात जास्त वणवण त्यानेच केली होती.

अंतोनियोनी हे नाहीसं होणं नंतरही सोडू शकला नाही. 1962 च्या 'लेक्लिसे'त दोन प्रेमिक रोममधल्या एका कोपऱ्यावर भेटायचं ठरवतात आणि दोघंही येत नाहीत. कॅमेरा मात्र जातो. गळणारं पाण्याचं पिंप, बांधकाम, बस, रस्त्यावरचा दिवा, अशी सुमारे सात मिनिटं. 'ब्लो-अप'मध्ये रात्री बागेत दिसलेलं प्रेत सकाळी नसतं. 1975 च्या 'द पॅसेंजर'मध्ये एक पत्रकार मेलेल्या माणसाचं नाव-गाव घेऊन स्वतःलाच पुसून टाकतो. अंतोनियोनी उत्तर इटलीतल्या फेराराचा, पो नदीच्या खोऱ्यातला, हिवाळ्यात धुकं उतरलं की समोरची माणसं दिसेनाशी होतात त्या मुलखातला. त्याचा पहिला माहितीपटही पो नदीकाठच्या माणसांवरचा. हा संबंध मी लावते, त्याने लावला होता असा माझा दावा नाही. 'रेड डेझर्ट'साठी त्याने झाडं-गवत रंगवली, याचं कौतुक सगळे करतात. मला तो सिनेमा त्या मानाने दूरचा वाटतो.

1977 मध्ये तो भारतात आला होता, तेव्हा त्याने प्रयागचा कुंभमेळा चित्रित केला. आपल्या सिनेमांत भाऊ-भाऊ हरवतात तो कुंभमेळा! त्याचा छोटा माहितीपट 1989 मध्ये आला. त्याआधी, 1985 मध्ये, पक्षाघाताने त्याची वाचा गेली होती. तरीही 1995 मध्ये जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या मदतीने त्याने आणखी एक सिनेमा केला.

'लाव्हेन्तुरा'चा शेवटचा प्रसंग पुन्हा बघा. पहाटेची वेळ, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लांबवर एटना ज्वालामुखी. सांद्रो बाकावर बसून रडतोय. क्लॉडिया मागे उभी आहे. तिचा हात उचलला जातो, अडखळतो, मग त्याच्या केसांवर टेकतो. त्या प्रसंगात एकही शब्द नाही, अ‍ॅनाचं नावसुद्धा नाही.