गाय स्पेरान्झाचा आवाज

हॉस्टेलवर असताना एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून मी रात्रभर गाणी कॉपी करत बसलो होतो. मेडन, प्रीस्ट, सॅबथ या हेवी मेटल बँडांचे भलेमोठे फोल्डर, आणि त्यांत 'रायट' नावाचा एक चिमुकला. लहान म्हणून तो आधी कॉपी झाला आणि आधी झाला म्हणून आधी ऐकला. आत दहा फाइली, 'ट्रॅक ०१' ते 'ट्रॅक १०'. गाण्यांची नावं नाहीत, साल नाही.

पहिल्याच फाइलीतल्या रिफने, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीने, मी उठून बसलो. पण खरा धरून ठेवला तो गायकाने. हा कोण, हे शोधायला पुढे बरेच महिने गेले.

तो गाय स्पेरान्झा. अल्बम 'फायर डाउन अंडर', १९८१. रायट हा न्यूयॉर्कचा बँड, गिटारवादक मार्क रीअलने १९७५मध्ये उभा केलेला. त्यांच्या कव्हरांवर माणसाच्या धडावर सीलचं डोकं असलेला एक विचित्र प्राणी दिसतो, आणि मला वाटतं त्या कव्हरांमुळेच अनेकांनी आतलं संगीत मनावर घेतलं नाही. 'फायर डाउन अंडर' हा त्यांचा तिसरा अल्बम. ऑगस्ट १९८०मध्ये इंग्लंडात डॉनिंग्टनला 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' हा रॉक महोत्सव पहिल्यांदा झाला, त्यात रेनबो, प्रीस्ट, स्कॉर्पियन्स, सॅक्सन यांच्यासोबत हेही वाजवून आले होते. एवढं होऊनही अल्बम तयार झाल्यावर त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला, कॅपिटॉल रेकॉर्ड्सला, तो बाजारात चालण्यासारखा वाटला नाही. चाहत्यांनी मोहीम उघडली, शेवटी एलेक्ट्रा या दुसऱ्या कंपनीने तो घेतला आणि बाहेर काढला. पुढे गाजलेला मेटॅलिका हा बँड त्या वर्षी नुकता कुठे जमत होता. अमेरिकेत इतक्या वेगाने आणि इतक्या सुरेल वाजवणारे तेव्हा फार नव्हते.

आता आवाजाबद्दल. त्या काळच्या मेटल गायकांचं एक ठरलेलं असायचं: वरचा सूर गाठला की तिथे झेंडा रोवायचा. स्पेरान्झा वर जातो, चांगलाच वर जातो, पण तिथे मुक्काम ठोकत नाही. ओळ जिथे न्यायची आहे तिथे नेतो आणि उतरतो. त्याच्या आवाजाला किंचित खरखर आहे, तीही शब्दाच्या शेवटाला, दम सोडताना. शब्द मात्र एकही गिळत नाही. 'आउटलॉ' ऐका. फरार माणसाची गोष्ट आहे. तो ती सांगतो, शेजारी बसून सांगावी तशी, आणि मागे रीअल आणि रिक व्हेंचुरा यांच्या गिटारी कितीही वाजल्या तरी गोष्ट हातातून सुटत नाही. 'फील द सेम' तर संथ, जड चालीचं. वेगवान गाण्यात कुठलाही गायक थोडा लपू शकतो, संथ गाण्यात लपायला जागा नसते. तिथे हा माणूस पूर्ण उघडा आहे आणि एकदाही डगमगत नाही.

माझ्याकडची सातवी फाइल अर्धवट होती. गिटारचे हळुवार सूर, आणि ते चालू असतानाच तुटायची. दोन वर्षं मी तो एक वेगळा, शांत तुकडाच समजत होतो. झोपताना लावायचो. पुढे नोकरी लागल्यावर सीडी मागवली तेव्हा कळलं, ते 'ऑल्टर ऑफ द किंग' आहे आणि ती नुसती सुरुवात होती. ज्या जागी माझी फाइल तुटायची ती जागा आली, गेली, आणि सगळा बँड अंगावर आला. मग त्याचा आवाज. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

या अल्बमनंतर, त्याच वर्षी, स्पेरान्झाने बँड सोडला. धर्मश्रद्धा आणि हे आयुष्य यांचा मेळ बसेना म्हणून, असं सांगतात. वय पंचविशीचं. पुढे फ्लोरिडात पेस्ट कंट्रोलच्या कामात राहिला. नोव्हेंबर २००३मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या जागी ऱ्हेट फॉरेस्टर आला. दमदार गायक होता, त्याच्यासोबतचा 'रेस्टलेस ब्रीड' हा अल्बम मी आवडीने ऐकतो. पण त्याच्या गाण्यात मला तो गोष्ट सांगणारा सापडत नाही. रीअलही २०१२मध्ये गेला.

लोक हळहळतात, स्पेरान्झा बँडमध्ये टिकला असता तर कुठे पोचला असता. मला ती हळहळ मनापासून वाटत नाही. ज्याने एकही ओळ गरजेपेक्षा जास्त ताणली नाही, तो उठून गेला तेव्हाही त्याला ठाऊक असणार की कुठे थांबायचं. मला राग येतो तो 'ऐंशीच्या दशकातले दहा महान अल्बम' अशा याद्यांचा, ज्यात हा अल्बम मला दिसत नाही.

नव्याने ऐकणार असाल तर 'स्वोर्ड्स अँड टकीला'पासून सुरुवात करू नका, ते तसंही डोक्यात बसेल. आधी 'आउटलॉ' लावा. दुसऱ्या कडव्यापर्यंत गिटारींकडे लक्षच देऊ नका, फक्त त्याचा श्वास ऐका.