नववी बाटली

गेल्या नोव्हेंबरात मी एका आजींच्या दारातल्या नऊ प्लास्टिकच्या बाटल्या उचलल्या, रिकाम्या केल्या, चेपल्या आणि आमच्या टेम्पोत टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दारात अग्निशामक दलाची गाडी उभी होती. त्या दोन दिवसांचा हिशेब मला अजून लागत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी मूळचा कऱ्हाडचा, सिव्हिलचा डिप्लोमा. जपानमध्ये साइतामातल्या एका कोमुतेनमध्ये, म्हणजे घरं बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या चार माणसांच्या फर्ममध्ये, हे सातवं वर्ष. तोक्योत निशी-कासाईला गणपतीला गेलो की संगणकवाली मराठी मंडळी विचारतात, "तू नक्की करतोस काय?" मी सांगतो, दांडे बसवतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरात धरायचे दांडे. मग ते विषय बदलतात.

इथे 2000 सालापासून वृद्धांच्या देखभालीचा विमा आहे. त्यातून घरात दांडे बसवणं, उंबरे काढणं, संडास बदलणं अशा कामांना दोन लाख येनपर्यंतच्या खर्चावर मदत मिळते. बहुतेकांना त्यातला दहावा हिस्सा स्वतः भरावा लागतो. अट अशी की आधी अर्ज, मग काम. घाई करून आधी ड्रिल लावलं तर एक येनही मिळत नाही. कामाआधीचा फोटो, कामानंतरचा फोटो आणि दोन्हींत तारीख दिसली पाहिजे. सोबत केअर मॅनेजरने, म्हणजे या विम्यातली देखभाल आखून देणाऱ्या माणसाने, लिहिलेलं कारणपत्र. आमच्या भागातल्या एका केअर मॅनेजरची सगळी कारणपत्रं शब्दशः सारखी असतात, फक्त नाव बदलतं. एकदा एका आजोबांच्या पत्रात "तिला आंघोळीला भीती वाटते" असं आलं होतं.

दांडा बसवणं बाहेरून वाटतं तसं दोन स्क्रूंचं काम नाही. लाकडी घराच्या भिंतीत साधारण साडेपंचेचाळीस सेंटीमीटरवर उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर जिप्समचा बोर्ड. बोर्डात मारलेला स्क्रू माणसाचं वजन पेलत नाही, भिंतीसकट हातात येतो. म्हणून आधी बारीक सुईने टोचत टोचत पट्टी शोधायची. पट्टी हव्या जागी कधीच नसते. मग आडवी फळी दोन पट्ट्यांना पकडायची आणि दांडा त्या फळीवर. शेवटचं टोक भिंतीकडे वळवायचं, नाहीतर बाही अडकून माणूस पडतो. उंची पुस्तकात पंचाहत्तर सेंटीमीटर. मी पुस्तकावर जात नाही. माणसाला उभं करून हात सैल सोडायला सांगतो आणि मनगटाशी पेन्सिलची खूण करतो. या आजींची खूण बहात्तरवर आली.

घर सत्तरच्या दशकातलं. टेकडी कापून पायरीपायरीने प्लॉट पाडलेले, त्यामुळे रस्त्यापासून दारापर्यंत काँक्रिटच्या सात पायऱ्या. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. आजी एकट्या, वय एक्याऐंशी, गुडघे दोन्ही गेलेले. दोन वर्षं त्या एकट्या त्या पायऱ्या उतरल्या नव्हत्या.

आत गेल्यावर मी पंधरा मिनिटं नुसता बघत राहिलो. सर्व्हेला गेलं की मला हाच भाग आवडतो. प्रवेशाशी चपला काढायची जागा आणि घराची जमीन यांत फूटभराचा चढ. तिथे दारूच्या दुकानातला बिअरचा पिवळा क्रेट उलटा घालून वर जुन्या गालिचाचा तुकडा. छतावरच्या दिव्याच्या ओढायच्या दोरीला गाठी मारमारून ती गादीपर्यंत आणलेली आणि टोकाला पाच येनचं भोकाचं नाणं, अंधारात चाचपडलं की हाताला लागावं म्हणून. बसायला दुधाच्या रिकाम्या खोक्यांत वर्तमानपत्रं ठासून, चिकटपट्टीने एकत्र बांधून केलेलं स्टूल. मी बसून पाहिलं, जरासुद्धा हललं नाही. खिडक्यांना थंडीसाठी फुग्यांचा प्लास्टिक कागद. आमचे शाच्यो, म्हणजे मालक, याला "सेइकात्सु नो चिए" म्हणतात, जगण्यातलं शहाणपण. आमच्या आजीने बंबाच्या तोटीला बांधलेली चिंधी याच जातीची.

एकच गोष्ट पाहून अंगावर काटा आला. संडासात भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बसवलेला पडद्याचा दांडा. आतल्या स्प्रिंगच्या जोरावर तो उभा असतो, आणि आजी रोज तो धरून उठत होत्या. तो मी तिथल्या तिथे काढायला लावला. या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

बाटल्यांचं तसं नाही.

जपानी उपनगरांत घराबाहेर पाण्याने भरलेल्या बाटल्यांची रांग खूप ठिकाणी दिसते. मांजरं पाण्यातल्या चकाकीला घाबरून घाण करत नाहीत, असा समज. मांजरांना हे कोणी कळवलेलं नाही, ती त्याच बाटल्यांना टेकून ऊन खातात. पण पाण्याची बाटली भिंगासारखी ऊन एका ठिकाणी गोळा करते आणि जवळ पाला किंवा पुठ्ठा असला तर तो पेट घेऊ शकतो. अग्निशामक दल याबद्दल सावध करत असतं, हिवाळ्यात तर जास्तच, कारण सूर्य खाली असतो. आजींच्या पोर्चच्या कडेला नऊ बाटल्या होत्या आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. शिवाय मला नेमका तिथेच खांब रोवायचा होता.

तेव्हा मी त्या काढल्या. टोपणं वेगळी, लेबलं वेगळी, बाटल्या वेगळ्या. आठ बाटल्यांची लेबलं आधीच सोललेली होती. नवव्या बाटलीवर हिरव्या चहाचं लेबल तसंच होतं आणि मानेला लाल लोकर गुंडाळलेली. मी लोकर कात्रीने कापली. आजी दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "सुटसुटीत झालं हो." हे शब्द मी नंतर शंभर वेळा आठवले आहेत.

पायऱ्यांचा कठडा मी खांब पुरून केला असता तर मॉर्टर सुकेपर्यंत दोन दिवस हात लावू नका म्हणून पट्टी बांधावी लागली असती. पण काँक्रीट ठणठणीत होतं. म्हणून खाली प्लेट आणि अँकर बोल्ट. बोल्ट आवळले की लगेच धरता येतं. मला या कामाचा अभिमान वाटला होता. संध्याकाळी आजी आमच्यासमोर तीनदा वर-खाली झाल्या, तिसऱ्यांदा काठी न घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला शाच्योंचा फोन. आवाज इतका नम्र की पोटात गोळाच आला. ते चिडले की फार सभ्य बोलतात.

मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटलेली, आत फायरमनचे बूट, बाहेर पोलीस आणि समोरच्या घरातल्या बाई रडत होत्या. त्यांच्याकडून कळलं ते असं. आजोबा गेल्यापासून दोघींत ठरलं होतं. लोकरवाली बाटली रात्री कुंडीच्या डावीकडे, सकाळी उठल्यावर उजवीकडे. समोरच्या बाई दात घासताना खिडकीतून बघायच्या. सातपर्यंत बाटली उजवीकडे आली नाही तर फोन करायचा. त्या सकाळी बाटली डावीकडेही नव्हती आणि उजवीकडेही. फोन उचलला गेला नाही. लाकडी शटर बंद. बाईंनी 119 लावला.

आणि आजी? आजी साडेसहाच्या रेडिओ व्यायामाला गेल्या होत्या. चौकातल्या बागेत रेडिओ लावून म्हातारी मंडळी रोज हात-पाय हलवतात, तिथे. दोन वर्षांनी. कठडा धरून सात पायऱ्या उतरून, काठी टेकत. व्यायाम दहा मिनिटांचा, पण नंतर बाकावर गप्पा रंगल्या. साडेआठला त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या घराभोवती अर्धी गल्ली जमली होती.

शाच्योंनी मिठाईचा खोका घेऊन तीन घरी वाकून माफी मागितली आणि काच फुकट बसवून दिली. मला एवढंच म्हणाले, "मालकाच्या घरातली वस्तू हलवायच्या आधी तिचं नाव विचारावं." मी म्हटलं, बाटलीला काय नाव असतं? त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटतं माझं बरोबर होतं, आणि त्यांचंही.

पण मला छळतो तो दुसराच प्रश्न. आजी बघत होत्या ना? मी लोकर कापत होतो तेव्हा त्या चार फुटांवर होत्या. कामकऱ्यांना कसं टोकायचं म्हणून गप्प बसल्या, असं शाच्यो म्हणतात, आणि जपानात हे पटण्यासारखं आहे. समोरच्या बाईंना मात्र वेगळं वाटतं. काच बसवताना माझ्याशी हळूच बोलल्या, "तिला कंटाळा आला असेल हो. रोज सकाळी मी जिवंत आहे म्हणून हजेरी द्यायची." मग थोडं थांबून, "मलाही यायचा. पण ती बाटली हलली की माझा दिवस सुरू व्हायचा." त्याही एकट्याच राहतात, हे मला तेव्हा कळलं. काम घेताना आम्ही एका बाजूचंच घर मोजतो.

आजींना मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "खांब गार लागतो सकाळी."

तीन आठवड्यांनी नगरपालिकेतून फाईल परत आली. कामानंतरच्या फोटोत तारखेचा आकडा उन्हाने पुसट दिसत होता. पुन्हा फोटो काढा. काम पाहायला कोणी आलं नाही, आकडा मात्र हवा. मी पाटी आणि कॅमेरा घेऊन गेलो. कठड्याच्या वरच्या टोकाला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून शिवलेली होती, नेमकी हात पडतो तिथे. आणि खालच्या टोकाला, रस्त्याकडे, कपड्यांचे दोन चिमटे लावलेले, एक निळा आणि एक पिवळा.

"हे कशाचे?" मी या वेळी विचारलं.

"कपड्यांचे," आजी म्हणाल्या.

समोरच्या खिडकीतला पडदा थोडा सरकला. शाच्यो गाडीतून ओरडले, फोटोपुरते चिमटे काढ, ऑफिसला नुसता कठडा दिसायला हवा. मी पाटी अशी धरली की तारीख ठळक येईल, आणि चिमट्यांसकट फोटो काढला.

अजून तरी ऑफिसातून फोन आलेला नाही.