ग्राउट गेलं कुठे?

प्रेशर गेजचा काटा शून्यावरून हलेना. पंप सुरळीत चालला होता, होज थरथरत होता, म्हणजे माल जात होता. पण जमिनीखाली त्याला कुठेच अडसर लागत नव्हता.

"मॅडम, दोन घनमीटर झाले," सुपरवायझर म्हणाले.

एका बोअरमध्ये, म्हणजे जमिनीत पाडलेल्या एका छिद्रात, दोन घनमीटरपेक्षा जास्त ग्राउट (पोकळी भरायचं सिमेंटचं मिश्रण) सोडायचं नाही, ही मर्यादा आदल्या दिवशी मीच लिहून दिली होती, खाली सही करून. तरीही मी म्हणाले, "अजून अर्धा जाऊ दे. पोकळी मोठी दिसतेय."

तो अर्धा घनमीटर मी विसरलेले नाही.

फुटबॉलचं मैदान होतं. पेनल्टी एरियाच्या कोपऱ्याशी गवत कापायच्या यंत्राचं एक चाक अचानक आत गेलं, म्हणून आम्हाला बोलावलं होतं. दोन-दोन मीटरवर खुणा करून लेव्हल घेतल्या, म्हणजे जमिनीची उंची मोजली, तेव्हा साधारण चार मीटर व्यासाचा खोलगट भाग सापडला. मध्यभागी खोली ७० मिलिमीटर. आकडा ऐकून कुणालाही वाटेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण पळणारा खेळाडू खाली बघत नसतो. त्याची नजर चेंडूवर असते आणि पाय जमिनीच्या भरवशावर पडतो. अपेक्षेपेक्षा सात सेंटिमीटर खाली पडलेलं पाऊल घोटा मुरगळायला पुरतं, गुडघ्याचा लिगामेंट फाटायलाही. आणि चाक आत जातं, याचा अर्थ वरचा थर अधांतरी आहे. त्या दिवशी चाक गेलं. दुसऱ्या दिवशी तिथे मुलं खेळणार होती. मैदान तेव्हाच बंद करायला लावलं. त्यावरून वाद झाला, पण मी माघार घेतली नाही.

त्याआधी दोनदा तो खड्डा वरून रेती टाकून भरला होता. दोन्ही वेळा तो परत आला. हे मला मैदानाची देखभाल करणाऱ्या काकांनी सांगितलं आणि पुढे एक वाक्य जोडलं: "पाऊस झाला की बशी खोल होते मॅडम, कोरड्या दिवसांत जागची हलत नाही."

माझ्या सगळ्या उपकरणांपेक्षा हे वाक्य मोलाचं होतं.

मऊ चिकणमाती वजनाखाली दबते, तेव्हा तिच्या छिद्रांतलं पाणी हळूहळू पिळून बाहेर पडतं आणि माती खाली बसते. कार्ल टेर्झागी या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात ज्याचं गणित मांडलं ते हेच कन्सॉलिडेशन. ते संथ चालतं आणि दिवसेंदिवस मंदावत जातं. आज पावसाची सर आली म्हणून ते आज वाढत नाही. भरावात कुजणारा कचरा असेल तर खचणं वर्षानुवर्षं चालतं, पण त्याचा भाग सहसा पसरट असतो. इथे खड्डा लहान होता, गोल होता आणि पावसागणिक पायरी उतरावी तसा उतरत होता. म्हणजे माती दबत नव्हती, ती वाहून जात होती. आणि माती वाहून जायची तर खाली तिला जायला वाट हवी.

डीसीपी लावला, म्हणजे माती किती घट्ट आहे ते रॉड ठोकून बघायचं उपकरण. आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून सोडायचा आणि दर ठोक्याला रॉड किती आत जातो ते मोजायचं. खड्ड्याबाहेर ठोक्याला १२-१३ मिलिमीटर येत होते. खड्ड्याच्या मध्यावर सव्वा मीटर खोलीला रॉड एका ठोक्यात १४० मिलिमीटर गेला. पुढे जोडरॉड लावले तर हातोडा न उचलता, नुसत्या वजनाने उतरायला लागला. रॉड हातातून खाली सुटतो, तेव्हा पोटात काहीतरी हलतं. इतकी वर्षं काम करूनही.

जमिनीखालचं दाखवणारा रडारही फिरवला होता. पण ओल्या चिकणमातीत रडारची लहर विरून जाते, आणि इथे वरचा भराव तसाच होता. चित्र धूसर आलं. मग मी जुना नकाशा पाहिला. त्यात पावसाळी पाण्याची ३०० मिलिमीटरची काँक्रीटची पाइपलाइन मैदानाच्या कडेने, सरळ रेषेत दाखवली होती. खड्ड्यापासून बरीच लांब. मी नकाशावर विश्वास ठेवला. लाइनीत कॅमेरा घालायला अर्धा दिवस लागला असता आणि तो मी घातला नाही. काका सांगत होते की पावसाशी संबंध आहे, मलाही ते पटलं होतं, आणि तरी पाइप तपासायचं राहिलं.

तर, पंप चालू आहे. अडीच घनमीटर. काटा शून्यावर. इतक्यात मैदानाच्या खालच्या टोकाकडून काका हात हलवत पळत आले. ते सहज म्हणून मॅनहोलचं झाकण उघडून बघायला गेले होते.

"बंद करा! आत करडं पाणी येतंय!"

पंप बंद केला. मी मॅनहोलपाशी गेले. चुनखडी कालवल्यासारखं दाट, करडं पाणी वाहत होतं. आमचं ग्राउट. नकाशातली सरळ रेषा प्रत्यक्षात मैदानाचा कोपरा कापून, बरोबर खड्ड्याखालून गेली होती.

आता खरा पेच होता. सिमेंट पाइपमध्ये घट्ट झालं तर लाइन कायमची तुंबणार आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी भलतीकडेच घुसणार. बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळलेलं पातळ ग्राउट होतं, त्यामुळे हाताशी थोडे तास होते, पण थोडेच. उपाय एकच, जोरदार पाण्याने पाइप धुणं. पण ज्या फटीतून ग्राउट पाइपमध्ये शिरलं, त्याच फटीतून धुण्याचं पाणी बाहेर मातीत शिरणार आणि उरलीसुरली माती ओढून आणणार. वर आमचं ड्रिलिंग रिग उभं होतं आणि त्याच्याभोवती पाच माणसं.

आधी माणसं हलवली. मग रिग ओढून खड्ड्यापासून पंधरा मीटर मागे नेलं आणि दोरी बांधून जागा बंद केली. जेटिंगची, म्हणजे दाबाच्या पाण्याने पाइप धुणारी, गाडी येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. नोझल खालच्या मॅनहोलमधून वरच्या दिशेने सोडलं. त्याच्या धारा मागे मारतात, त्यामुळे माल आपल्याकडे ओढला जातो. दाब कमी ठेवला, आणि वीस मीटरच्या पुढे जाऊ दिलं नाही, कारण माझ्या अंदाजाने खड्डा तेवीस-चोवीस मीटरवर येत होता. दर दोन मीटरला थांबायचं, परतणारं पाणी बादलीत घेऊन बघायचं. करडं, करडं, मग मातकट, मग नितळ. अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घातला. २३ मीटरवर जोड सरकलेला होता, मूठ जाईल एवढी फट. पडद्यावर ती फट आणि तिच्या कडेला चिकटलेलं आमचं ग्राउट दिसलं, आणि सगळं एकदम उलगडलं. मोठ्या पावसात पाइप दाबाखाली भरून वाहायचा, तेव्हा पाणी फटीतून बाहेरच्या मातीत घुसायचं. पाऊस ओसरला की तेच पाणी बारीक रेती घेऊन परत आत यायचं. प्रत्येक पावसात थोडी रेती. वरून टाकलेली रेतीसुद्धा याच वाटेने गेली असणार.

त्यानंतरचं काम सोपं होतं, कारण क्रम बरोबर होता. आधी त्या जोडावर आतून रेझिनमध्ये भिजवलेला काचतंतूंचा पट्टा फुगवून बसवला. तो पक्का झाल्यावर पुन्हा कॅमेरा. मग नऊ बोअर, आणि या वेळी घट्ट, कमी वाहणारं ग्राउट, तळातून सुरू करून ३० सेंटिमीटरच्या टप्प्यांनी वर येत. पहिल्याच बोअरमध्ये काटा उचलला. काटा हलताना पाहून सुपरवायझर माझ्याकडे बघून हसले. पृष्ठभाग ३ मिलिमीटर वर उचलला की थांबायचं, ही अट होती, आणि या वेळी ती एकदाही मोडली नाही. पाइपला वरून दाब बसू नये म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना मीटरभर जागा सोडली आणि तिथली पोकळी शेवटी हलक्या ग्राउटने भरली. काका दिवसभर मॅनहोलपाशीच बसून होते. कुणी सांगितलं नव्हतं.

गवत बसवल्यानंतर महिनाभराने रात्रभर मुसळधार पाऊस झाला. सकाळी सहाला मी पोचले तेव्हा काका आधीच तिथे होते, स्टाफ, म्हणजे लेव्हलची उभी मोजपट्टी, हातात घेऊन, जुन्या खड्ड्याच्या मध्यावर उभे. मी लेव्हल लावली. आधीचं रीडिंग १.४३२ होतं.

"किती?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"एक, चारशे बत्तीस."

त्यांनी स्टाफ पुसला आणि दोन पावलं सरकून पुढच्या खुणेवर धरला.