कऱ्हाडपाशी अडकलेला सर्व्हर

जेवून जागेवर येतो तोच सपोर्टवाल्यांचा फोन: पतसंस्थांच्या नोंदणीचा फॉर्म कुणाचाच सबमिट होत नाहीये. सीपीयू शंभर टक्क्यांवर, डेटाबेस निवांत. रीस्टार्ट केलं की थोडा वेळ चालायचं, मग पुन्हा तेच. एकाने टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, वाढवायला सांगितलं. (हे औषध आमच्याकडे सगळ्याच दुखण्यांवर देतात.)

लॉगमधली शेवटची रिक्वेस्ट दर वेळी एकच: ‘ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित कऱ्हाड’. मी तेच नाव टाइप केलं, लगेच पास. लॉगमधून कॉपी करून टाकलं, तर सगळं ठप्प! दिसायला दोन्ही सारखीच. युनिकोडचे आकडे (प्रत्येक चिन्हाला संगणकात दिलेला क्रमांक) काढले तेव्हा फरक सापडला. माझ्या कीबोर्डने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर दिलं होतं. तिकडून आला होता साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडायचं चिन्ह.

नावाच्या तपासणीचा रेगेक्स (मजकूर कसा असावा हे सांगणारा साचा) असा: देवनागरी चिन्हांचा गट, पुढे असली तर स्पेस, आणि हे सगळं कितीही वेळा. जॉइनर देवनागरीच्या कोष्टकात नाही, म्हणून नाव नापास. पण स्पेस ऐच्छिक असल्यामुळे शब्दातल्या प्रत्येक दोन चिन्हांमध्ये गट तोडायचा की नाही, असे दोन पर्याय उरतात. जॉइनरपर्यंत अशा ३४ जागा होत्या. म्हणजे दोनाचा चौतिसावा घात, १,७१७ कोटींहून जास्त वाटा. आणि रेगेक्स चालवणारं इंजिन बॅकट्रॅकिंग करणारं, म्हणजे वाट चुकली की मागे येऊन दुसरी धरणारं असेल, तर नापास म्हणण्याआधी त्या सगळ्या चालून बघतं. आमचा सर्व्हर नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली), आणि नोडमध्ये सगळ्यांच्या रिक्वेस्ट एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक, त्यामुळे एका नावापायी बाकीचे रांगेत.

खरं तर या साच्यात बसणाऱ्या नावांचा संच, शास्त्रात ज्याला ‘भाषा’ म्हणतात, तो अगदी साधा, रेग्युलर. रॅबिन आणि स्कॉट यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं की अनेक वाटांचा ऑटोमॅटन (एकेक चिन्ह वाचत पुढे सरकणारं कागदावरचं यंत्र) एका वाटेच्या ऑटोमॅटनमध्ये बदलता येतो. तो प्रत्येक चिन्ह एकदाच वाचतो आणि जॉइनर दिसला की तिथेच नाही म्हणतो. केन थॉम्पसनने १९६८ मध्ये सगळ्या वाटा एकदम चालायची रीतही छापली. तरी आजची बरीच इंजिनं बॅकरेफरन्ससारख्या (आधी जुळलेला तुकडा पुढे पुन्हा जुळवायच्या) सोयींसाठी बॅकट्रॅकिंगच करतात. परीक्षेपुरतं वाचलेलं हे सगळं इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

इंजिन बदलणं त्या दिवशी शक्य नव्हतं, मग रेगेक्सच बदलला: आधी एक शब्द, मग ‘स्पेस आणि शब्द’ ही जोडी हवी तितक्या वेळा. वाट एकच उरली. चिन्हांत जॉइनरही घेतला.

संध्याकाळी त्यांचं नाव नोंदलं गेलं. आता डेटाबेसमध्ये दोन तऱ्हांची कऱ्हाडं आहेत, आणि एक शोधलं की दुसरं सापडत नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगळ्या रूपांना एकसारखं करायची रीत) ती दोन एक करत नाही. ते दुरुस्त करायचं तिकीटही माझ्याच नावावर आलंय.