नवा मिक्सर का घेत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून जुना मिक्सर रंगवायला बसले की कुणीतरी विचारतंच, "अहो, दोन-तीन हजारांत नवा येतो. एवढा उपद्व्याप कशाला?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता सांगते.

पैसे वाचवायला नाही. प्लास्टिकचा प्रायमर, स्प्रेचे डबे, मास्किंग टेप, पॉलिश पेपर यांचा हिशेब धरला तर फारसं काही वाचत नाही, मान्य. पण मिक्सर अडतो तेव्हा पुष्कळदा मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात, नाहीतर भांड्याखालचा, भांडं मोटरला जोडणारा कपलर तुटलेला असतो. दोन्ही बदलून मिळतात. मोटर ठणठणीत असते, तरी लोक तो भंगारात देतात, कारण पिवळा पडलाय, ओट्यावर बरा दिसत नाही. पिवळेपणा हा बिघाड नव्हे. चालती वस्तू म्हातारी दिसते म्हणून घराबाहेर काढलेली मला बघवत नाही. हट्टी म्हणा हवं तर.

निष्काळजी मात्र म्हणू नका. भांडं, झाकण, पातं, जिथे जिथे अन्न लागतं तिथे रंगाचा थेंब जाऊ देत नाही. हवेच्या जाळ्या टेपने झाकते. टोस्टरला बाहेरून, तोही उष्णता सोसणारा रंग. आत तारांजवळ कधीच नाही. पावसाळ्यात डोंबिवलीच्या दमट हवेत स्प्रे मारला की रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून आषाढ-श्रावणात डबे कपाटातच. हे शिकताना एक मिक्सर मी बिघडवला. आईचा.

तो तिने १९९१ साली भिशीच्या पैशांतून घेतला होता. ती महिनाभर धाकट्या बहिणीकडे गेली तेव्हा ठरवलं, परत येईपर्यंत नव्यासारखा करायचा. बटणाशेजारी, २ या आकड्यापाशी, लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका होता. मला वाटलं, कधीतरी सांडलं असेल. थिनरचा बोळा फिरवला. ठिपका गेला आणि खालचं प्लास्टिकही मऊ पडलं. मिक्सरचं एबीएस प्लास्टिक थिनरने विरघळतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. चाचपून पाहिलं तर माझ्या बोटाचा ठसा उमटला. घासला, प्रायमर दिला, मोरपिशी रंगाचे तीन हात दिले. ठसा रंगाखालून दिसतच राहिला.

आई आली. "छान झालाय गं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची चटणी करायला उभी राहिली आणि तिचा अंगठा बटणाभोवती नुसता फिरत राहिला. "माझा ठिपका कुठे गेला?"

काचबिंदूमुळे तिला आकडे दिसत नव्हते. दोनवर चटणी हवी तशी भरड राहते, तीनवर तिचं गंध होतं, म्हणून हाताला लागेल असा ठिपका तिने स्वतः लावून घेतला होता. मी त्याच स्वयंपाकघरात रोज वावरत होते आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती रागावली नाही. त्या दिवसापासून मला हाक मारायला लागली, "जरा दोनवर लावून दे गं."

मी नेलपॉलिशचा नवा ठिपका लावला, तो आठवड्यात निघाला. मग एम-सीलची गोळी बसवली. ती अजून आहे. हाकही अजून येते.

तेव्हाची मी म्हणते, मायेनंच केलं ना? हो, मायेनंच. पण महिनाभर थांबून तिला एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि विचारल्यावर ती "नको" म्हणाली असती, तर मी ऐकलं असतं का? यावर मला अजून स्वतःची खात्री नाही. आता शेजारणीने मिक्सर आणून दिला तर त्यावर रोज वाटण करणारीला आधी भेटते, मगच पॉलिश पेपर हातात घेते. ही सुधारणा की नुसती भीती, सांगता येत नाही.

आईच्या मिक्सरचा मोरपिशी रंग कडेने उडायला लागलाय, खालचा पिवळा दिसतो. पुन्हा हात द्यावा की उरलेलाही खरवडून काढावा, ठरत नाही. परवा तिला विचारलं. कोथिंबीर निवडत म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर."